‘बायोसला हात लावू नका’ हा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘घरी एडिटिंगचा कॉम्प्युटर बनवताय? मदरबोर्डवर पैसे घालवू नका, सगळे बोर्ड सारखेच. रॅमचे चारही स्लॉट भरा, वेग दुप्पट होतो. आणि बायोस कधीही अपडेट करू नका, बोर्ड कायमचा मरतो.’ मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, आणि बायोस म्हणजे त्यावरच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. एरवी मी असल्या मेसेजच्या वाटेला जात नाही. पण मिरजेच्या माझ्या भाच्याने तो वाचला आणि शब्दन् शब्द पाळला.

पोरगा लग्नाचे व्हिडिओ करतो. २०२४च्या सुरुवातीला त्याने इंटेलचा कोअर आय-७ १४७००के प्रोसेसर घेऊन मशीन असेंबल करून घेतलं. काही महिन्यांनी एक्स्पोर्ट (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवणं) मध्येच बंद पडायला लागला, कधी निळी स्क्रीन, कधी नुसताच रिस्टार्ट. त्याने रॅम बदलली, विंडोज तीनदा टाकलं, सॉफ्टवेअर बदलून पाहिलं. शेवटी फोन आला, “मामा, मुलीकडचे रोज विचारतात, काय सांगू त्यांना?” मी म्हटलं, आधी बायोसची तारीख सांग. तारीख होती २०२३ची. बोर्ड खोक्यातून जसा आला तसाच चालू होता. “हात लावू नका असं लिहिलं होतं ना,” म्हणाला.

म्हणून आधी याच मुद्द्याचं बोलतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोष होता, आणि हे खुद्द इंटेलने २०२४मध्ये जाहीरपणे मान्य केलं आहे. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतलं क्लॉकचं, म्हणजे कामाचा ठेका धरणारं सर्किट हळूहळू झिजत होतं. काही बोर्ड इंटेलने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे वीज देत होते, हेही कारणांमध्ये होतं. दुरुस्ती ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी) आली. ती लोकांपर्यंत पोचवायचं ठरलं ते मदरबोर्ड कंपन्यांच्या बायोस अपडेटमधून, म्हणजे ज्याला हात लावू नका असं हा मेसेज सांगतो त्यातूनच! इंटेलने हेही स्पष्ट सांगितलं की हा अपडेट पुढची झीज टाळतो, झालेलं नुकसान भरून काढत नाही. म्हणजे सल्ला पाळत बसलेल्या माणसाचा प्रोसेसर रोज थोडा थोडा खराब होत राहू शकतो. इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर घेणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. २०२३मध्ये त्यांचे काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली, तीही बायोसमधूनच.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे यूपीएस लावा, आपल्याच मॉडेलची, अगदी रिव्हिजनसुद्धा (बोर्डाचा आवृत्ती क्रमांक) जुळणारी फाइल बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या आणि मध्ये कशालाही हात लावू नका. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला, तर बिघडलेला बायोसही पेनड्राइव्हवरून बहुतेक वेळा परत टाकता येतो. घरी एडिटिंग करणाऱ्याने रंगीत दिव्यांआधी हे बटण बघावं. आणि बोर्ड घेण्याआधी त्याच्या सपोर्ट पेजवर जाऊन शेवटचा बायोस कधी आला ते पाहा. दोन वर्षांत काहीच आलं नसेल तर तो बोर्ड सोडा.

‘सगळे बोर्ड सारखेच’ यातही अर्धं खरं आहे. महागड्या बोर्डाने एक्स्पोर्ट एका मिनिटानेही लवकर होत नाही, पैसा आधी प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्डातच जायला हवा. पण १४७००के पूर्ण ताकदीने २५३ वॉट खेचतो. सव्वा व्होल्टच्या आसपास म्हणजे साधारण दोनशे अँपिअर होतात. ही वीज प्रोसेसरला बोर्डावरचा व्हीआरएम नावाचा भाग पुरवतो. एच६१० या मालिकेच्या अनेक स्वस्त बोर्डांवर त्याला हीटसिंक, म्हणजे उष्णता काढून टाकणारा धातूचा तुकडाच नसतो. गेममध्ये भार कमी-जास्त होतो, तीन तासांच्या लग्नाच्या एक्स्पोर्टमध्ये तो सलग राहतो, आणि मे महिन्यात मिरजेच्या पत्र्याच्या खोलीत व्हीआरएम तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. व्हीआरएमवर जाड हीटसिंक असलेला मधल्या किमतीचा बी७६० बोर्ड या कामाला पुरतो. त्याहून महागड्या झेड७९० बोर्डाची गरज नाही.

चार रॅमचं तर साफ चूक आहे. स्लॉट चार असले तरी अशा बोर्डांवर चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटा, दोनच असतात. एएमडीच्याच आकड्यांप्रमाणे रायझन ७०००मध्ये डीडीआर५ प्रकारच्या रॅम दोन लावल्या तर ५२००च्या वेगाने चालतात, चार लावल्या की ३६००च्या. ६४ जीबी हवी तर ३२च्या दोन घ्या.

भाच्याच्या मशीनवर आता नवा बायोस टाकलाय आणि इंटेलची डिफॉल्ट सेटिंग ठेवली आहेत. तरी एक्स्पोर्ट अडतोच, म्हणजे प्रोसेसर आधीच गेलाय. इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. बॉक्समधला असेल तर तीनची पाच वर्षं होते, ट्रेमधला (बॉक्सशिवाय सुटा विकलेला) असेल तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे जावं लागतं. तो आज बिल शोधतोय.