सरासरी वेगावरून रिअल-टाइमची भाषा ठरत नाही

प्रोग्रामिंग भाषांच्या वेगाचा तक्ता आणि त्याखाली एक ठाम निष्कर्ष प्रोग्रामरांमध्ये वारंवार फिरत असतो : सी आणि रस्ट या भाषा बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजण्याच्या चाचण्यांमध्ये, सर्वांत वेगवान ठरतात, त्यांत गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) नसतो, म्हणून रिअल-टाइम सिस्टीमसाठी त्याच योग्य आणि जावासारख्या भाषा या कामातून बाद. यातली निरीक्षणे बहुतांशी खरी आहेत; त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला मुद्दा वेगाचा. रिअल-टाइम म्हणजे लवकर नव्हे, तर ठरलेल्या मुदतीत, आणि तेही प्रत्येक वेळी. दर मिलिसेकंदाला एकदा चालणारे मोटरनियंत्रणाचे चक्र तासाभरात 36 लाख वेळा फिरते. त्यातली 99.9 टक्के चक्रे वेळेत पूर्ण झाली, असे सांगणे ऐकायला उत्तम वाटते, पण त्याचा अर्थ तासाला 3,600 वेळा मुदत हुकली असा होतो. म्हणून सरासरी 40 मायक्रोसेकंद घेणारा, पण मधूनच 3 मिलिसेकंद अडकणारा प्रोग्राम इथे निरुपयोगी आहे, आणि दर वेळी 300 ते 350 मायक्रोसेकंद घेणारा, तक्त्यात पार खाली असलेला प्रोग्राम चालण्याजोगा आहे.

बेंचमार्कची पद्धतही इथे दिशाभूल करते. तोच कोड लागोपाठ हजारो वेळा चालवला की त्याच्या सूचना आणि डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्ये (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) तयारच असतात. प्रत्यक्षात इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा इशारा) बराच वेळ शांततेत गेल्यावर येतो, तेव्हा कॅशमध्ये भलतेच काही असते, आणि ती थंड सुरुवात तक्त्यात कुठेच दिसत नाही. मी स्वतः मोजतो ते असे : काम सुरू होताना प्रोसेसरची एक पिन वर करायची, संपताना खाली आणायची, आणि ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) आधीची रेघ न पुसता नवी तिच्यावर चढू द्यायची. नेटवर्क आणि डिस्क दोन्हींवर मुद्दाम भार टाकून हे रात्रभर चालू ठेवले की सकाळी पिन खाली येतानाची कडा जाडसर पट्ट्यासारखी पसरलेली दिसते, आणि पट्ट्यापासून बरीच दूर एखादी एकटी रेघ असते. त्या एका रेघेला तक्त्यातल्या सगळ्या सरासरींपेक्षा जास्त किंमत आहे. अर्थात याहून वाईट वेळ कधीच येणार नाही, हे मोजणीने सिद्ध होत नाही; त्यासाठी कोडचे आणि प्रोसेसरचे विश्लेषण करून कमाल कालमर्यादा काढावी लागते.

दुसरा मुद्दा गार्बेज कलेक्टर नसण्याचा. सीमध्ये तो नसतो, पण मॅलॉक (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागून घेणारे फंक्शन) असतोच, आणि तुकडे तुकडे झालेल्या हीपमध्ये (ही मेमरी जिथून मिळते त्या साठ्यात) योग्य मापाची जागा शोधायला त्याला किती वेळ लागेल याची सर्वसाधारणपणे हमी नसते. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे सीसाठीचे कोडिंग मानक सुरुवातीची जुळणी झाल्यावर हीपमधून मेमरी घ्यायला मनाई करते ती यामुळेच.

उलट, 2002 साली मंजूर झालेल्या जावाच्या रिअल-टाइम विनिर्देशात हीपला हातच न लावणाऱ्या थ्रेडची (प्रोग्राममधल्या स्वतंत्र कार्यप्रवाहाची) तरतूद आहे. असा थ्रेड गार्बेज कलेक्टरचे काम मध्येच थांबवून पुढे जाऊ शकतो. काही किलोबाइट मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरवर जावाचा हा संसार मावणार नाही, हे मान्य. पण ती अडचण जागेची आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत अनेकदा भाषेबाहेरच हुकते. नासाचे मार्स पाथफाइंडर यान 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरले आणि नंतर त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. सॉफ्टवेअर सीमध्ये होते. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक म्यूटेक्स (सामायिक साधन एका वेळी एकाच टास्कला वापरू देणारे कुलूप) धरून ठेवला होता, त्याच म्यूटेक्ससाठी माहितीवाहिनी सांभाळणारे उच्च प्राधान्याचे टास्क खोळंबले होते, आणि मधल्या प्राधान्याची टास्क हवामानाच्या टास्कला प्रोसेसर मिळूच देत नव्हती. मुदत हुकल्याचे लक्षात येताच सिस्टीम स्वतःला रीसेट करत असे. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर हा बिघाड पुन्हा घडवून पाहिला आणि त्या म्यूटेक्सची प्राधान्य-वारशाची सोय (म्यूटेक्स धरणाऱ्या टास्कला त्यासाठी खोळंबलेल्या टास्कचे प्राधान्य तात्पुरते देणारी), जी बंद ठेवलेली होती, दूरवरून चालू केली. रीसेट थांबले. त्यासाठी ना भाषा बदलावी लागली, ना प्रोसेसर.