शंखात राहणारा मासा काचेच्या वाडग्यात राहत नाही

‘मल्टी सिक्लिड शंखात राहतो, म्हणजे तो समुद्राचा; पाण्यात मीठ टाका, एक शंख ठेवा, वाडग्यातही मजेत राहतो,’ असा मेसेज फिरतोय. कृपया यावर विसंबून मासे आणू नका.

मल्टी हा सिक्लिड कुळातला छोटा मासा. तो आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला, म्हणजे गोड्या पाण्यातला. तिथल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत तो घर करतो. मिठाची गरज नाही. त्याला हवं ते क्षारांचं जड पाणी, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) साधारण 8 ते 9 आणि तापमान 25-26 अंश. बोअरचं जड पाणी पुष्कळदा चालतं, पण आधी तपासून घ्या.

नर जेमतेम 4-5 सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. म्हणून वाडगा पुरेल असं वाटतं, आणि घात तिथेच होतो. हे मासे वस्ती करून राहतात. प्रत्येकाला स्वतःचा शंख लागतो, वर दोन-चार जास्तीचे लागतात, नाहीतर मारामारी ठरलेली. 60 सेंटिमीटर लांबीची, फिल्टर लावलेली टाकी घ्या. तळाला बारीक वाळूचा 4-5 सेंटिमीटर थर द्या, खडी नको. मासा तोंडात वाळू भरतो, जरा लांब जाऊन थुंकतो, पुन्हा येतो. असं करत शंख अर्धा गाडला जातो, फक्त शंखाचं तोंड उघडं राहतं. मासा आजारी नाही, घर बांधतोय! वाळू रोज सपाट करू नका. काही आठवड्यांनी शंखाच्या त्याच तोंडातून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं डोकावताना दिसतील.