वेबसाइट जुनी फाइल पुसते. आमची पुसली आहे

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या शाळा, वाचनालयं आणि मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. "वेबसाइटवर फाइल चढवताना भिऊ नका. त्याच नावाची फाइल आधी असेल तर सिस्टिम पुढे (१) लावून वेगळी ठेवते, नाहीतर विचारते. मधेच लाइट गेली तर जुनी तशीच राहते. चुकून गेलीच तर रिसायकल बिनमध्ये सापडते, आणि होस्टिंगवाल्याकडे बॅकअप असतोच." लोकांची भीती जावी, हा लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण याच भरवशावर आम्ही एका माणसाचा आवाज घालवला, म्हणून एकेक वाक्य घेतो.

आधी तो (१). तो आपण रोज बघतो, पण तो लावतो आपला ब्राउझर, आणि तोही डाउनलोड करताना, आपल्याच कॉम्प्युटरवर. वर चढवताना काय व्हायचं ते पलीकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया लायब्ररीत चढवलं तर नावाला -१ जोडलं जातं. तेवढ्यापुरता मेसेज खरा. एफटीपीचं, म्हणजे फाइली थेट सर्व्हरवर (साइट जिथं ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर) पाठवायच्या पद्धतीचं, उलटं आहे. त्याचे नियम ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजात आहेत, आणि फाइल साठवायच्या 'स्टोर' या आज्ञेबद्दल तिथं स्वच्छ लिहिलंय की त्या नावाची फाइल असेल तर आतलं जुनं जाऊन नवं येईल. गावातल्याच एखाद्या पोराकडून पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून घेतलेल्या साइटींचीही तीच गत. फाइल जागेवर ठेवणारं पीएचपीचं फंक्शन न विचारता जुनीवर लिहितं. बनवणाऱ्यानं आधी तपासणी घातली असेल, तरच वाचलो.

आणि नावं सारखी येतातच. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आलेल्या फोटोला तारीख आणि डब्ल्यूए०००१ असं नाव देतं, प्रत्येक फोनवर नव्यानं. म्हणजे दोघांच्या फोनमध्ये एकाच नावाचे दोन वेगळे फोटो. आमचा रेकॉर्डर तर कार्ड रिकामं केलं की पुन्हा ००१ पासून सुरू होतो.

खडी गंमत या आमच्याकडच्या लोककलेचे एक म्हातारे शाहीर, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, उन्हाळ्यात आपल्या ओसरीवर बसून आमच्यासाठी सव्वीस मिनिटं गायले. मधे खोकला लागला. "थांब बापू, पाणी पिऊन घेतो," मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज, आणि परत डफ. ती फाइल ००१ नावानं साइटवर होती. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे इकडच्या गावजत्रेत, दंडार ही दुसरी लोककला रेकॉर्ड केली, तीही ००१. ती मी चढवली. अकरा दिवसांनी आबाजींच्या नातवाचा फोन आला, "भाऊ, आबाच्या पानावर दंडार काहून वाजून राहिली?" आबाजींना जाऊन तेव्हा महिना झाला होता. कार्ड तर कधीच रिकामं केलेलं.

चढवल्यावर मी त्यांचं पान उघडून पाहिलं होतं. गाणं नीट वाजलं. ते माझ्या ब्राउझरनं आधीच साठवून ठेवलेलं होतं, सर्व्हरवरचं नव्हतं. तपासायचं तर दुसऱ्याच्या फोनवर तपासा.

"सिस्टिम विचारते" यातही गफलत आहे. विचारतं ते आपल्या बाजूचं सॉफ्टवेअर. एफटीपीनं फाइली चढवायचं फाइलझिला हे सॉफ्टवेअर विचारतं, पण त्याच चौकटीत 'दर वेळी हेच कर' अशी खूण करायची सोय आहे. साठ फोटो चढवताना वैतागून ती खूण केली, की पुढे तोंड बंद. 'नवी असेल तरच बदल' हा पर्यायही घड्याळावर चालतो, आणि सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असू शकतं.

लाइट गेली तर जुनी राहते? फॉर्ममधून चढवताना पीएचपी फाइल आधी तात्पुरत्या जागी घेतं, म्हणून तिथं राहते. एफटीपीत मात्र बहुतेक सर्व्हर जुनीच्याच जागी नवी लिहायला घेतात. भारनियमनात मधेच तुटलं की जुनी गेलेली असते आणि नवी अर्धीच आलेली.

रिसायकल बिन आपल्या कॉम्प्युटरवर डिलीट केलेल्या फाइलींसाठी आहे. वरून लिहिलेली फाइल त्यात जात नाही, आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरसुद्धा. गूगल ड्राइव्ह बदललेल्या फाइलची जुनी प्रत ३० दिवस ठेवतं. साधा सर्व्हर ठेवत नाही.

राहिला बॅकअप. होता ना आमच्याकडे! रोज रात्री एक प्रत, शेवटच्या सात रात्रींच्या प्रती, आठवी आली की पहिली पुसायची. अकराव्या दिवशी उघडल्या तेव्हा सातही प्रतींमध्ये ००१ म्हणजे दंडारच होती. बॅकअप आहे का, एवढं विचारून भागत नाही. किती दिवस मागे जातो, ते विचारा.

आता आम्ही रेकॉर्डरमधून काढल्या काढल्या घरीच नाव बदलतो: गाव, प्रकार, गाणाऱ्याचं नाव, तारीख. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, कारण लिनक्स सर्व्हरला मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं, विंडोजला सारखं. आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर शेवटपर्यंत वाजल्याशिवाय कार्ड रिकामं करत नाही.

आबाजींच्या पानावर सध्या नातवाच्या मोबाइलमधली चाळीस सेकंदांची क्लिप आहे. तिच्यात एक कडवंही पूर्ण होत नाही.