तेवीस दिवस, तेवीस किलो

डिसेंबरात सहकुटुंब पुण्याला जाण्याचे आपण योजले असेल, तर तारीख प्रथम मुलांच्या शाळेला विचारावी, मग विमान कंपनीला, आणि सरतेशेवटी ती पुण्याला कळवावी. पुण्यातल्या मंडळींना आधी विचारण्याचे काही कारण नाही, कारण ती तिथेच असतात. मी २००४ सालापासून न्यू जर्सीत राहतो आणि एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो, की भाचीचे लग्न, आत्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि काकांचे वर्षश्राद्ध हे सगळे पुढेमागे होऊ शकते. शाळेची नाताळची सुट्टी मात्र होऊ शकत नाही. त्या दहा-बारा दिवसांना मागच्या बाजूने ‘कौटुंबिक कारण’ असे लिहून आणखी काही दिवस जोडले, की तेवीस दिवस होतात. तेवीस दिवसांत काय होत नाही?

विमानात सहसा माणशी दोन बॅगा नेता येतात आणि प्रत्येक बॅग २३ किलोपर्यंत चालते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला १८४ किलो प्रेम नेण्याची मुभा असते. ती पुरेपूर वापरावी. बदाम अवश्य न्यावेत. ते कॅलिफोर्नियाचे असतात. रविवार पेठेत मिळतात तेही बहुतेक कॅलिफोर्नियाचेच असतात, परंतु आपण नेलेले बदाम आपल्याबरोबर बारा हजारांहून अधिक किलोमीटर आलेले असल्यामुळे त्यांची चव वेगळी लागते, असे पुण्यातले लोक तोंडावर तरी म्हणतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची मोठी बाटली, गुडघ्याला लावायचे मलम आणि पाहुण्यांना वाटायची चॉकलेटे यांखेरीज विजेवर चालणारे एखादे यंत्रही न्यावे. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि पुण्यातली २३० व्होल्टची, त्यामुळे २०११ साली मी आईसाठी नेलेल्या कॉफीच्या यंत्रासोबत त्याच्याहून जड असा ट्रान्सफॉर्मर नेणे भाग पडले. यंत्र एकदा चालले. त्यानंतर आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती ठेवली. आजतागायत ते घरातले सर्वांत भरवशाचे यंत्र आहे.

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथे अमेरिकेहून थेट विमान येत नाही, त्यामुळे उतरायचे मुंबईलाच असते, आणि तेही बहुधा ऐन मध्यरात्री. ‘बाबा, तुम्ही कशाला येताय, आम्ही गाडी करून येऊ,’ हे वाक्य फोनवर एकदाच आणि फार जोर न देता म्हणावे. जोर दिल्यास ते खरेच यायचे नाहीत, आणि मग मुलांच्या हातातले खेळणे हरवल्यावर त्यांना कडेवर कोण घेणार? द्रुतगती मार्गावर पहाटे चार वाजता वडापाव खाऊन ‘अजून तीच चव आहे’ असे जाहीर करावे. तेवढ्यात आई पिशवीतून आपल्यासाठी स्वेटर काढते, कारण पुण्यात थंडी पडलेली असते. आपण उणे दहा अंशांतून आलेलो असतो. तरीही तो घालावा. (या एका बाबतीत माझा सल्ला गंभीरपणे घ्यावा.)

पुढचे चार दिवस घड्याळ साडेदहा तास मागेपुढे होत राहते, त्याचा उपयोग करून घ्यावा. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात भारतीय बैठकीत बसल्याबसल्या मला गाढ झोप लागली होती, आणि शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहत ‘परदेशात राहूनही किती तन्मय होतो हा’ असे आपल्या सौभाग्यवतींना सांगितले. मेट्रो दिसली की ‘ही कधी झाली?’ असे विचारावे. ती मार्च २०२२ पासून धावते आहे आणि आपण तेव्हापासून दर वर्षी हेच विचारत आलो आहोत, पण उत्तर देणाऱ्याचा उत्साह दर वर्षी तितकाच असतो.

आता मुख्य विषय, म्हणजे समारंभ. पंचांग हे पुण्यात राहणाऱ्यांसाठी केलेले असल्यामुळे ते परदेशस्थांच्या फारसे सोयीचे नाही. मुलांचे बोरन्हाण संक्रांतीनंतर करतात. संक्रांत येते १४ जानेवारीच्या सुमारास, आणि आपले विमान सुटते ४ जानेवारीला. तेव्हा बोरन्हाण २७ डिसेंबरलाच उरकावे. हलव्याचे दागिने त्या सुमाराला तयार मिळणे कठीण, म्हणून ते करून देणाऱ्या बाईंना ऑक्टोबरात फोन करून ठेवावा, आणि बोरे, उसाचे करवे नि चुरमुरे डोक्यावर ओतताना मुलाने ‘हे मला का मारतात?’ असे इंग्रजीत विचारले, तर सगळ्यांनी कौतुकाने हसावे. दोन दिवस आधी त्याच दिवाणखान्यात नाताळचे झाड असते. आमच्याकडे ते तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवले होते, आणि आईने संध्याकाळी तुळशीला लावलेल्या दिव्याच्या उजेडात दोन्ही सारखीच हिरवी दिसत होती.

परंतु खरी कसोटी बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. हजार पौर्णिमा व्हायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात, आणि आमच्या बाबांचा जन्म ऑगस्टमधला असल्यामुळे त्यांच्या हजार पौर्णिमा ऐन पावसाळ्यात, जूनमध्ये पुऱ्या व्हायच्या होत्या. जूनमध्ये आमचे येणे शक्य नव्हते, कारण तेव्हा तिकिटे महाग असतात आणि थोरल्याचे पोहण्याचे शिबिर असते. सहा पौर्णिमा तेवढ्या कमी पडत होत्या; त्या आगाऊ धरल्या. गुरुजींनी प्रथम थोडी कुरकूर केली, पण ‘मुले लांबून आली आहेत’ हे वाक्य धर्मशास्त्रात कुठे ना कुठे बसतेच. मूळ बेत गूळतुला करण्याचाही होता. त्यासाठी मोठा तराजू भाड्याने आणायचा, एका पारड्यात बाबांना बसवायचे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी ठेवायच्या आणि मग तो गूळ एखाद्या आश्रमशाळेला द्यायचा, असे आईच्या मनात होते. परंतु कार्यालय दुपारी तीनपर्यंतच मिळाले होते आणि साडेतीनला पुढच्या पार्टीचा केक येणार होता, त्यामुळे तुला वगळली. आरतीत ८१ दिवे असावेत की ८०, यावर मात्र काकांमध्ये पाऊण तास चर्चा झाली. तिला वेळ ठेवावाच लागतो.

जेवणांचे काय करावे, हे विचारू नये. ज्यांच्याकडे आपण जाणार नाही, ते तेवीस दिवसांचा हिशेब वर्षभर ठेवतात, आणि ज्यांच्याकडे जातो, ते ‘फक्त चहा?’ असे विचारतात. मधल्या काळात एखादा दिवस हुरड्याला, एखादा सिंहगडावर पिठले-भाकरी नि मडक्यातल्या दह्याला द्यावा.

उरलेल्या चार दिवसांत आई-वडिलांचे घर हलवावे.

नारायण पेठेतला तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४१ वर्षांचा संसार. बालेवाडीत आपण गुंतवणूक म्हणून घेतलेला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट भाडेकरूने सोडला आहे; तिथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, पोहण्याचा तलावही आहे, ज्यात बाबा कधीही उतरणार नाहीत. हा निर्णय कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याच्या मध्यरात्रीनंतर घ्यावा, म्हणजे आई-वडिलांना सकाळी तो आयता मिळतो. बाबांचे उत्तर आले होते, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते.’ पुढे नमस्काराचे चिन्ह. त्याचा अर्थ होकार असाच लावावा. डिसेंबरच्या अखेरीस बहुधा पौष लागलेला असतो आणि पौषात नव्या घरात पाऊल टाकत नाहीत, हा आक्षेप आई घेईल. त्यावर काढीव मुहूर्त हा उपाय पूर्वजांनी आपल्यासारख्यांसाठीच करून ठेवला आहे.

सामानाचे तीन ढीग करावेत: न्यायचे, द्यायचे आणि मोडीत घालायचे. सकाळी उठल्यावर पहिला ढीग आपोआप वाढलेला दिसेल. त्याबद्दल आईला काही विचारू नये. रात्री शांतपणे उलट काम करावे. आमच्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, आजोबांनी कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला. तो किलोच्या भावाने मोडीत गेला, आणि त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींनी कोरेगाव पार्कातून हाताने ठोकलेली तांब्याची कुंडी न्यू जर्सीच्या दिवाणखान्यासाठी घेतली. बंबाचे जे पैसे आले, त्यात ती कुंडी अर्धीसुद्धा आली नसती. स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात, ती वाचत बसू नये, वेळ जातो. ‘चि. — च्या मुंजीप्रीत्यर्थ, १९८४’ असे एका पातेल्यावर माझेच नाव होते. त्या रिकाम्या जागी काय कोरलेले होते, हे भंगारवाल्याने मोठ्याने वाचले आणि मग तराजूत टाकले.

मुले या सगळ्याला कंटाळतात, म्हणून एका दुपारी त्यांना बाजीराव रस्त्याजवळच्या राजा केळकर संग्रहालयात न्यावे. दिनकर केळकरांनी दारोदार फिरून जमवलेले अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे नि कुलपे, आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केलेला तो सगळा संग्रह पाहताना माझी धाकटी एका काचेपुढे थांबली आणि म्हणाली, ‘हे तर आजीकडे परवापर्यंत होतं.’ तिला आइस्क्रीम घेऊन द्यावे.

सामान हलवणाऱ्या कंपनीची माणसे वेळेवर येतील, म्हणजे दुपारी दोनला. त्यांनी लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी जिन्यात फोडली. ती विम्यात बसत नव्हती, कारण यादीत तिची नोंद ‘किचन, इतर’ अशी होती. त्यांचा मुकादम प्रत्येक वस्तू उचलून ‘काका, हे न्यायचं का?’ असे बाबांना विचारत होता आणि बाबा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवत होते. ‘त्यांना विचारा,’ ते म्हणाले. एकेकाळी मला ‘अरे गाढवा’ म्हणणारे बाबा परक्या माणसापुढे माझा आदरार्थी बहुवचनात उल्लेख करत होते, याचा अर्थ आपण मोठे झालो असा घ्यावा.

सर्वांत शेवटी माळा. माळ्यावर आम्हाला सात बॅगा सापडल्या, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा घातलेल्या. चाक तुटले किंवा चेन बिघडली म्हणून आम्ही वेगवेगळ्या वर्षी मागे टाकून गेलो होतो त्या. वरच्या बॅगेत आम्ही नेलेल्या वस्तू होत्या: पांढरी पडलेली चॉकलेटे, मुदत संपलेली जीवनसत्त्वे, टॅगसकट टॉवेल. ‘अरे, तुम्ही आलात की काढू म्हणून ठेवले होते,’ असे आई म्हणाली. सर्वांत आतल्या बॅगेत न्हाणीघरात ठेवतात तसला, वर उभे राहायचा वजनकाटा होता, जो आमच्या घरात वर्षातून एकदाच, आमच्या परतीच्या बॅगा मोजायला निघतो. त्याच्याखाली बाबांच्या अक्षरातल्या, रबराने बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या. २००७ : ९३.५ वजा ७१, बरोबर २२.५. २०१५ : ८९ वजा ६६, बरोबर २३. अशा पुष्कळ. काटा न्यायच्या ढिगात टाकावा, कारण चार दिवसांनी तो लागणार असतो. चिठ्ठ्यांचा पुढे काही उपयोग नसतो.

नव्या घरात दूध उतू घालावे, सोसायटीच्या ॲपवर आई-वडिलांची नावे ‘ओनर’ याऐवजी ‘टेनंट’ अशी पडली असतील तर नंतर दुरुस्त करू म्हणून सांगावे, आणि पोहण्याचा तलाव दाखवावा. बाबा दुसऱ्याच दिवशी बस पकडून नारायण पेठेत जाऊन आले. टपाल आले असेल, म्हणाले. टपाल आले नव्हते. परततानाही फाटकावर नोंदवहीत त्यांना ‘कुणाकडे जायचे’ या रकान्यात काहीतरी लिहावे लागले. त्यांनी माझे नाव लिहिले.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा मोजाव्यात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुळथाचे पीठ, बाकरवडी, पुन्हा मेतकूट. नुसती बॅग काट्यावर ठेवली तर काट्याची तबकडी झाकली जाते, म्हणून पद्धत अशी, की बाबांनी बॅग हातात धरून काट्यावर उभे राहायचे, आकडा वाचायचा आणि त्यातून बाबा वजा करायचे. आता आपण स्वतः उभे राहिलो तरी चालते, पण ते ऐकत नाहीत. या खेपेस आकडा आला ८०.५. मी म्हणालो, गेल्या वर्षीचे वजन ६२ होते, तेच धरू. त्यांनी बॅग खाली ठेवली, ‘थांब, नीट बघू,’ म्हणाले आणि पुन्हा एकटेच काट्यावर चढले. आईने चष्मा पुसून आकडा वाचला, बाबांनी चिठ्ठी लिहिली: ८०.५ वजा ५७, बरोबर २३.५. अर्धा किलो जास्त. अशा वेळी मेतकुटाची एक पिशवी काढून ती हातातल्या सामानात घालावी.