बुफेच्या रांगेतली जनसुनावणी

लग्नात कोणी विचारलं तर मी "प्रायव्हेटमध्ये आहे" एवढंच सांगते. टाऊन प्लॅनर आहे हे कळू देत नाही. पण आमच्या आईला कुठलं राहवतंय! नवरीच्या कुठल्यातरी मामाजींना ती गाठते आणि सांगते, "आमची सोनू अख्ख्या नागपूरचे नकाशे काढते." झालं. माझ्या ताटातला वडाभात तसाच राहतो आणि मामाजी खिशातून सातबारा काढतात. होय, लग्नाला सातबारा घेऊन येणारी माणसं आहेत आपल्याकडे. आहेराचं पाकीट घरी विसरेल, सातबारा विसरणार नाही.

"बेटा, आमच्या प्लॉटवर गार्डन पडलं म्हणते."

"कोण म्हणतं, मामाजी?"

"दलाल म्हणते. आम्ही त गार्डन मागितलंच नव्हतं. ते बाजूवाल्याकडे थोडंसं सरकवता नाही येत का?"

मागे रांग थांबलेली असते. वाढप्याच्या हातात बुंदीचा डाव अधांतरी असतो, कारण त्यालाही ऐकायचं असतं. त्याचाही हुडकेश्वरकडे प्लॉट असतो.

नागपूरकराचं प्लॉटवरचं प्रेम बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. इथली पोरं पाढे पाठ होण्याआधी '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे, परवानगीविना पडलेल्या ले-आऊटच्या याद्यांचे, आकडे ऐकतात. कोणीतरी शेत घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या, हप्त्यांवर प्लॉट विकले. मग असे प्लॉट नियमित करून देणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि नागपूर सुधार प्रन्यासचा आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळवण्यात एका पिढीच्या चपला झिजल्या. पोराच्या दहावीच्या गुणपत्रिकेचं लॅमिनेशन राहून गेलं असेल, पण आरएलची मूळ प्रत देवघराच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या दोन थैल्यांत सुखरूप असते.

तर हे सगळे लोक लग्नात बोलतात. बारशाला बोलतात. दंतवैद्याकडे माझ्या तोंडात ड्रिल असताना खुद्द दंतवैद्य बोलतात. फक्त एका जागी बोलत नाहीत. जिथे त्यांनी बोलावं म्हणून आम्ही सभागृह, माईक, फ्लेक्स आणि समोसे यांची सोय केलेली असते, तिथे.

ज्या कार्यालयासाठी आमची फर्म काम करते त्याचं नाव मी घेत नाही, कारण आमचं बिल अजून निघायचं आहे. पण अशा प्रत्येक कामात 'लोकसहभाग' नावाचं एक प्रकरण असतं आणि ते आमच्या साहेबांनी माझ्या गळ्यात मारलेलं आहे. "तुम्ही बोलायला बऱ्या आहात," असं त्याचं कारण त्यांनी दिलं. कार्यक्रम अकराचा असतो. अकराला मी, फ्लेक्स लावणारा पोरगा आणि समोसेवाला असे तिघं हजर असतो. बाराला पाहुणे येतात. अहवालाला जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, लागतो आणि फोटोत माणसं दिसावी लागतात, म्हणून तोपर्यंत ड्रायव्हर, चौकीदार आणि समोसेवाला पहिल्या रांगेत बसलेले असतात. आमच्या मागच्या अहवालात पान भरून छापलेला जो 'जागरूक नागरिक' गालाला हात लावून विचार करतोय, तो समोशांचं उरलेलं पेमेंट कोण देणार याचा विचार करतोय.

मे महिन्यात मात्र गर्दी होते. बाहेर पंचेचाळीस अंश असले आणि सभागृहाचा एसी चालू असला की नागपुरात लोकशाही चांगलीच रुजते. एक काकाजी तर शनिवारची पुरवणी आणि पाण्याची बाटली घेऊनच आले होते. पूर्ण सत्र बसले. शेवटी अभिप्राय मागितला तर लिहून दिलं : "व्यवस्था उत्तम. थोडं अजून थंड करावं."

कायदा खरं तर लोकांच्या बाजूनं आहे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, कलम २६. प्रारूप विकास योजना, म्हणजे शहरात कुठे काय होणार याचा कच्चा आराखडा, राजपत्रात प्रसिद्ध झाली की ३० दिवसांत कोणीही हरकती आणि सूचना देऊ शकतो. पुढे कलम २८ खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतात. कागदावर याहून चांगलं काय असणार? पण राजपत्र आवडीनं वाचणारा माणूस मला इतवारीपासून त्रिमूर्तीनगरापर्यंत अजून भेटायचा आहे. तीस दिवस टेबलावरचं हरकतींचं रजिस्टर आपलं पंख्याच्या वाऱ्यानं उघडतं आणि मिटतं. एकतिसाव्या दिवशी सकाळी दारात शंभर माणसं. "मॅडम, आम्हाले कोणी सांगितलंच नाही!" पेपरात जाहीर नोटीस आली होती म्हणावं, तर त्यांनी ती पाहिलेली असते. निधनवार्तांच्या बाजूला होती म्हणून घाबरून पान उलटलेलं असतं.

नकाशा भिंतीवर लावला की पुढचा खेळ रंगांचा. पिवळा म्हणजे राहायची वस्ती, निळा व्यापार, जांभळा कारखाने, हिरवा बागा-मैदानं, लाल म्हणजे शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक जागा. हे मी माईकवरून सांगते. लोक ऐकत नाहीत, कारण प्रत्येक जण नकाशाला नाक लावून स्वतःचं घर शोधत असतो. अडीच माणसं मावतील एवढ्या जागेत पंधरा जण, प्रत्येकाचं बोट नकाशावर, आणि मग किंकाळी : "आमचं लाल कायले केलं? तोडून रायले का?" ते घर नसून बाजूची जिल्हा परिषदेची शाळा असते. पण एकदा 'लाल' हा शब्द सभागृहात फिरला की पुढचा अर्धा तास कोणाचं काही ऐकू येत नाही. हिरवा तर त्याहून वाईट. पर्यावरण दिनाला झाड लावून स्टेटस ठेवणारी माणसंसुद्धा आपल्या सर्व्हे नंबरवर हिरवा ठिपका पाहून पांढरी पडतात. मग कलम १२७ निघतं. बाग-शाळेसाठी राखून ठेवलेली जागा दहा वर्षांत घेतली नाही तर नोटीस देऊन आरक्षण घालवता येतं, हे कलम माझ्यापेक्षा लोकांना चांगलं पाठ आहे. पोटकलमांसकट.

विकास योजना वीस वर्षांची असते. "वीस वर्षांचं राहू द्या, मॅडम," मागून एक ताई म्हणाल्या, "आमच्या गल्लीतली गडर लाइन कधी होऊन रायली ते सांगा." मी म्हटलं, तो विषय आजचा नाही. त्या म्हणाल्या, "आमचा त रोजचाच आहे." यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

मधली काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक. त्या काळात नकाशे घेऊन वस्तीत गेलं की लोक आधी विचारायचे, "तुम्ही कोणत्या पार्टीच्या?" कोणत्याच नाही म्हटलं की खुर्ची मिळायची, चहा मिळायचा नाही.

मागे दिल्लीहून एक प्रशिक्षक आले होते, आम्हाला लोकसहभाग शिकवायला. त्यांनी पडद्यावर शिडी दाखवली. १९६९ साली शेरी आर्नस्टाईन नावाच्या अमेरिकी बाईंनी मांडलेली, आठ पायऱ्यांची. सगळ्यात वर नागरिकांच्या हाती कारभार. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं आणि त्याच्या वरची पायरी 'थेरपी' : त्यांना मोकळं होऊ द्यायचं, बरं वाटू द्यायचं आणि ठरलंय तेच करायचं. बाई मोठ्या फटकळ असाव्यात, मला फार आवडल्या. मग प्रशिक्षकांनी विचारलं की आपलं शहर कोणत्या पायरीवर आहे? आमचे साहेब घाईनं म्हणाले, "सर, आधी जेवून घेऊ." नागरिकांमधून बोलावलेले एक गुडघ्यांचे जुने रुग्ण मात्र शिडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायेब, लिफ्ट नाही का यात?" मला विचाराल तर त्या दिवसाची एवढीच सूचना अहवालात जायला हवी होती.

एक बैठक मात्र खरी झाली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली, अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवनचं बस स्थानक पाण्याखाली गेलं. त्यानंतर नदीकाठच्या एका वस्तीत आम्ही नकाशा पसरला तेव्हा फ्लेक्स नव्हता, समोसे नव्हते, माईक नव्हता. एका आजींनी पेन मागून घेतला. पाणी आधी कुठल्या बोळातून आलं, कोणत्या भिंतीनं ते अडवलं, कोणाकडे फ्रिज तरंगला, कोणाकडे उंबऱ्यावरूनच परतलं, सगळं त्यांनी बाणांनी दाखवलं. आमच्या नकाशात जमिनीची उंची दाखवणाऱ्या समतल रेषा होत्या, पण कोणत्या घराचा ओटा वर्षभरापूर्वी भर टाकून उंच केलाय आणि त्यामुळे पाणी शेजारी वळतं, हे नव्हतं. तो नकाशा मी कार्यालयात जमा केला. पेनानं खराब झाला म्हणून त्यांनी नवी प्रत मागितली.

आणि या शहराला बोलता येत नाही म्हणावं, तर दर हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर जाऊन बघा. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं आणि अख्ख्या महाराष्ट्राचे मोर्चे आमच्या दारात येतात. बॅरिकेडपाशी चहा विकणाऱ्या माणसाला मागण्यांचं निवेदन माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं. त्याहून भारी म्हणजे मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा भलामोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते आणि पुढे-मागे बडगे, म्हणजे टर उडवणारे पुरुषी पुतळे. खड्ड्यांचा बडग्या, महागाईचा बडग्या, त्या वर्षी ज्या कोणी डोकं पिकवलं असेल त्याचा बडग्या. गळ्यात पाट्या, पाट्यांवर अशा हरकती की एकही कलम लावायला नको. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत माणसांचा पूर लोटतो. हजेरीपट नाही, जिओटॅग नाही, आणि इतवारीत उभं राहायला जागा मिळत नाही.

हे एका नगररचनाकाराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. १९१७ च्या सुमारास प्लेगनं ग्रासलेल्या इंदुरात त्यांनी सभागृह घेतलंच नाही. संस्थानाचा एक दिवसाचा महाराजा होऊन त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली. प्लेगचा भलामोठा उंदीर, घाणीचा राक्षस, नवे झाडू घेतलेले सफाई कामगार. मिरवणूक जाणार त्या रस्त्यांवरून, जिथल्या लोकांनी घरं-अंगणं जास्त साफ केली असतील. लोकांनी गल्ल्या घासून काढल्या म्हणतात.

हे वाचून मी भारावले आणि कार्यालयाला रीतसर प्रस्ताव दिला : पुढची जनसुनावणी मारबतीच्या दिवशी, इतवारीत, प्रारूप आराखड्याच्या बडग्यासह. नागरिकांनी पाट्या लिहाव्यात, आम्ही त्या हरकती म्हणून नोंदवाव्यात.

फाईल फिरून परत आली. नाही म्हणाले नाहीत, हे विशेष. शेरा होता : "'बडग्या' ही बाब चालू दरसूचीत आढळून येत नाही. दर विश्लेषण व तीन कोटेशन जोडून फेरसादर करावे." सध्या मी जागनाथ बुधवारीत जीएसटी नंबर असलेला बडगेवाला शोधते आहे. एक जवळजवळ तयार झाला. फक्त म्हणाला, "कोटेशन देतो मॅडम, पण आधी माह्या प्लॉटचं पाहा."