काढा आटेपर्यंत

थंडीचं आम्हा नाशिककरांना भारी कौतुक. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात आलं की आम्ही तो स्वतः खाली उतरून ठेवल्याच्या थाटात बोलतो. यंदा जानेवारीत निफाडचा पारा खाली गेला आणि माझा वर. १०२.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल लावला. फ्लू आहे, विषाणूचा आजार, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि झोप. ताप तीन-चार दिवसांत जाईल, खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळेल. धाप लागली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर लगेच या. चिठ्ठीवर एकच गोळी बघून आईचा चेहरा पडला. एवढी फी घेऊन एकच? चिठ्ठीतली उरलेली जागा घरानं भरून काढायची ठरलं.

पहिला मान आईचा. तिनं सहाण काढली, सुंठ आणि वेखंड उगाळलं आणि माझ्या कपाळावर थापलं. हा लेप ओला असतो तोवर बरा वाटतो. वाळायला लागला की कपाळ असं आवळतं की भुवई वर करता येत नाही. आमच्या घरात राहायचं आणि भुवई उडवायची नाही, म्हणजे बोलणंच बंद.

"माझ्या आजेसासूबाई मानमोडीतून वाचल्या त्या काढ्यावरच," आई म्हणाली. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, तोही फ्लूच. ज्या वाचल्या नाहीत त्यांनीही काढा घेतलाच असेल, असं म्हणायचं होतं. तोंडात थर्मामीटर होता.

मग समोरच्या काकू आल्या. त्यांचा भर वाफाऱ्यावर. गरम पातेलं टेबलावर, त्यावर मी, माझ्यावर चादर, आणि चादरीबाहेरून काकू, "दीर्घ श्वास घे रे, अजून दीर्घ!" पाण्यात त्यांनी पुदिन्याच्या सत्त्वाचा खडा टाकला होता. त्यातल्या मेंथॉलनं आत गार वाटतं, म्हणून नाक सुटल्याचा भास होतो. नाक आपलं चोंदलेलंच. पण त्या भासासाठी मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले. पातेलं चादरीसकट मांडीवर येता येता राहिलं, तेव्हा मात्र परत घेतले.

सासूबाई निफाडहून व्हिडिओ कॉलवर. "जावईबापू, जीभ दाखवा." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासूला जीभ दाखवायची वेळ आली नव्हती. दाखवली. त्यांनी अडुळसा आणि ज्येष्ठमध सांगितला.

आता काढ्यात आईचा गवती चहा, तुळस, आलं, मिरी, काकूंची दालचिनी, सासूबाईंचा अडुळसा आणि ज्येष्ठमध. प्रत्येकीचा जिन्नस पडलाच पाहिजे, नाहीतर मी बरा झाल्यावर श्रेय कुणाचं? आईला बीपीची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमध जास्त झाला तर बीपी वाढवतो, म्हणून तिनं तो नुसता चव बघायलाही घ्यायचा नाही असं बायकोनं बजावलं. आईला हे सासूबाईंचं कारस्थान वाटलं.

खरा वाद पेटला तो किती आटवायचं यावर. आई म्हणे निम्मं. काकू म्हणे पाव उरव. रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधीवाल्यानं बायकोला सांगितलं होतं, औषधाच्या सोळापट पाणी घ्या आणि अष्टमांश उरवा. म्हणजे चार कप पाण्याचा अर्धा कप. त्याच्याकडे पितळी तराजू होता, त्यामुळे अष्टमांश जिंकला.

तो दिवस बुधवार. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बाजारात आई आणि बायको भाजीला गेल्या. जाताना एवढंच सांगून गेल्या, "गॅस बारीक आहे, लक्ष ठेव." मी सोफ्यावर शाल लपेटून लक्ष ठेवलं. पॅरासिटामॉलनं घाम फुटला, अंग हलकं झालं, डोळा लागला. तीन दिवसांत इतकी गाढ झोप पहिल्यांदाच.

बेल वाजली. वाजतच राहिली. दार उघडलं तर काकू, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे दोघं, आणि जिन्यात वॉचमन.

"अरे, वास येत नाही का तुला?"

"नाही येत. म्हणूनच तर काढा ठेवलाय."

स्वयंपाकघर धुरानं निळसर झालं होतं. काढा अष्टमांशाच्याही पुढे जाऊन शून्यांशाला पोचला होता. पातेल्याच्या बुडाशी काळ्या डांबरासारखा थर, त्यात उभी एक दालचिनी.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. त्यात कशाचा वाटा किती, हे मी विचारलं नाही. मला विचाराल तर कोमट मिठाच्या गुळण्यांनी घशाला खरंच आराम पडला, रात्री मध-आल्यानं खोकला थोडा दमला, आणि बाकी ती सोफ्यावरची झोप. पण मला कुणी विचारलं नाही.

सध्या घरात उपचार पातेल्यावर चालू आहेत. आई म्हणते चिंच लावून उन्हात ठेव. काकू म्हणतात खायचा सोडा घालून पुन्हा उकळ. सासूबाईंनी व्हिडिओवर पातेल्याचं बूड जवळून दाखवायला लावलं आणि दोन रात्री आंबट ताकात भिजवायला सांगितलं. तीनही झालं. थर तसाच आहे. काष्ठौषधीवाल्याला विचारायला बायको उद्या जाणार आहे.