हिप्पोकॅम्पस म्हणजे गोदाम नव्हे
स्मरणशक्तीवरचा लेख आवडला, पण ‘सगळ्या आठवणी हिप्पोकॅम्पसमध्ये साठतात’ हे त्यातलं विधान पटलं नाही. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आतला, आठवणींशी संबंधित एक छोटा भाग. 1953 मध्ये अपस्मारावरच्या (फिट्सवरच्या) शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला. नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात, लहानपणीचं मात्र आठवायचं. आरशात बघून चांदणी गिरवण्यातही ते रोज सुधारत गेले, आदल्या दिवशीचा सराव आठवत नसताना! म्हणजे हातांचं शिकणं वेगळ्या वाटेनं जातं.

इथे सांगलीत आमच्या शेजारच्या आजींना सकाळी कोण येऊन गेलं हे दुपारी सांगता येत नाही. पण परातीत ज्वारीचं पीठ घेतलं की पाणी किती, भाकरी कधी उलटायची, काही विचारावं लागत नाही. घरच्यांनी कृपया अशा माणसांच्या हातातलं काम काढून घेऊ नये, जवळ बसून करू द्यावं.